चमचा आणि भोपळा

कृष्णात सुभेदार दोनदा निवृत्त झाले. पहिल्यांदा फौजेतून, तेव्हा त्यांच्या मिशा काळ्या होत्या. घरी येऊन ट्रंक नीट रिकामी करायच्या आतच त्यांनी साखर कारखान्यात सुरक्षा अधिकाऱ्याची नोकरी धरली आणि पुन्हा वर्दी चढवली. दुसऱ्यांदा कारखान्याच्या गेटावरून निवृत्त झाले ते गेल्या दिवाळीत. या वेळी मिशा पांढऱ्या होत्या, डावा गुडघा कुरकुरत होता आणि चढवायला तिसरी वर्दी कुठं शिल्लक नव्हती.

आष्ट्याच्या पुढं, कृष्णाकाठाला त्यांचं गाव. ऊस होता, दोन म्हशी आणि एक गाय होती. मुलगा वीरधवल शेती बघायचा, सून क्रांती शाळेत शिकवायची. सगळं आपल्या गतीनं चाललं होतं. अशा घरात सुभेदार दिवसभर राहायला आले, आणि पहाटे अंगणात शिट्टी वाजायला लागली. गोठ्याची रोज पाहणी होऊ लागली. ऊसतोडीची टोळी आली तेव्हा त्यांनी माणसं कोयत्यांसकट रांगेत उभी केली. मुकादम फड टाकून निघूनच चालला होता, त्याला वीरधवलनं चहा पाजून परत आणला. आमटीला झाकण कधी घालावं यावरसुद्धा सुभेदारांचं मत होतं. वीरधवल सोशिक होता, पण त्याचं सोसणं आता चेहऱ्यावर दिसायला लागलं होतं.

सुभेदारांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, शेजारच्या रंगुबाईला एकदा हसत हसतच सांगितलं, "जल्मभर ह्यांच्या येण्याची वाट बघितली. आता ह्ये कुठं जात्याल म्हणून वाट बघती."

पाडव्याच्या आधी क्रांतीनं माळा झाडायला काढला आणि एक लांबट कॅनव्हासची पिशवी खाली आणली. आत दोन तुकड्यांत मोडणारी गळाची काठी होती, तिचं रीळ होतं आणि पत्र्याची एक चपटी डबी होती. सुभेदारांनी ती काठी हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. हिमाचलात पोस्टिंग असताना त्यांच्या कर्नलसाहेबांनी त्यांना ही काठी दिली होती. तिथल्या बर्फाच्या पाण्यात ट्राउट मासा असतो, अंगावर तांबडे ठिपके, आणि गळाला लागला की उडी मारतो ती माणसाच्या कमरेएवढी, हे त्यांनी त्या संध्याकाळी घरातल्या सगळ्यांना दोनदा सांगितलं. लीलाबाईंनी ही गोष्ट पूर्वी रजेच्या दिवसांत कितीतरी वेळा ऐकली होती. कर्नलसाहेब मासा धरून परत सोडून द्यायचे, एवढंच त्यांच्या डोक्यात राहिलं होतं, कारण ते त्यांना कधीच पटलं नव्हतं. सोडायचा तर धरायचा कशाला?

डबीत चकाकणारे छोटे पितळी चमचे होते, प्रत्येकाला मागं गळ लावलेला. पाण्यात ओढला की चमचा माशासारखा लकाकतो आणि मोठा मासा त्याला फसतो, असं सुभेदारांनी समजावलं. लीलाबाई म्हणाल्या, बरं झालं, म्हणजे आता स्वयंपाकघरातल्या चमच्यांकडं तुमचं लक्ष राहणार नाही.

दुसऱ्या दिवसापासून सुभेदार नदीला जाऊ लागले. सकाळी जायचे ते ऊन डोक्यावर आल्यावर यायचे. मासा काही मिळत नव्हता, पण परत येताना ते गुणगुणत यायचे. घरातही शांतता झाली. शिट्टी खुंटीला लागली. वीरधवलनं तर बापासाठी आष्ट्याहून एक झकास टोपी आणली.

फक्त लीलाबाईंच्याच वाट्याला हे सुख आलं नाही. एकोणीसच्या महापुरापासून त्यांनी नदीशी बोलणंच टाकलं होतं. तेव्हा सुभेदार कारखान्यावर अडकले होते, रस्ते बंद होते, वीरधवल आणि क्रांती एका लग्नानिमित्त पुण्याला गेलेले. आणि लीलाबाईंना शेवटी गच्चीवरून होडीनं काढावं लागलं होतं. त्यानंतर त्या नदीकडं कधी फिरकल्या नाहीत. सांगलीला जाताना कृष्णेवरचा आयर्विन पूल आला की पदर डोळ्यांवर ओढायच्या. त्याबद्दल त्या बोलत नसत, आणि घरातही कुणी विचारत नसे.

एके दिवशी क्रांतीनं सासऱ्यांना अंगणात गाठलं. ती म्हणाली, "मामा, तुम्ही नदीवर गेला की आत्या उंबऱ्यात बसून राहतात. तुम्ही येईपर्यंत जेवत नाहीत."

सुभेदारांना हे माहीत नव्हतं. काठी त्यांनी पुन्हा पिशवीत घातली आणि दुसऱ्या दिवशी गोठ्याची पाहणी करायला उठले.

त्याच आठवड्यात जयराज यांचा फोन आला. जयराज म्हणजे सुभेदारांच्या पलटणीतले ड्रायव्हर. वाईच्या वर, धोम धरणाच्या फुगवट्याला त्यांचं घर आणि थोडी स्ट्रॉबेरी. ते दर वर्षी यायचा आग्रह करायचे आणि सुभेदार दर वर्षी पुढं ढकलायचे. या वेळी जयराज फोनवर म्हणाले, "तुजा ट्राउट हितं न्हाई रं गड्या. पर खडस हाय. शिकल्याली माणसं त्येला महाशीर म्हणत्यात. घावला तर ट्राउटला इसरशील." मच्छीमार सोसायटीची परवानगी काढून ठेवतो म्हणाले, आणि वहिनींना घेऊनच ये, असं बजावलं.

लीलाबाई आधी नको म्हणाल्या. मग त्यांनी विचार केला की हा माणूस एकटा गेला तर जेवणाचे हाल करील आणि मित्राच्या घरात शिट्टी वाजवील. त्यांनी एकच अट घातली: मला पाण्याजवळ चल म्हणायचं नाही. सुभेदारांनी कबूल केलं. वीरधवलनं दोघांना गाडीनं सोडलं, आणि परत फिरताना तो इतका मोकळा हसला की सुभेदार जयराजना म्हणाले, पोरगं हल्ली फार खुशीत असतंय, ऊस बरा आला असावा.

जयराज यांचं घर उतारावर होतं आणि खाली पाणी पसरलेलं. उन्हाळ्यानं पाणी मागं हटत चाललं होतं, काठाला गाळाचे पट्टे उघडे पडले होते. पाण्याच्या मधोमध एक टेकाड वर आलं होतं आणि त्यावर एकच पळस. सुभेदारांनी आल्या आल्या जांभळीच्या सावलीत आपला जुना तंबू ठोकला. घरात खोली होती, पण त्यांना तंबूतच झोपायचं होतं. लीलाबाई पहिले काही दिवस घरातच जयराज यांच्या बायकोच्या, बनाबाईंच्या, शेजारी झोपल्या.

बनाबाई लीलाबाईंपेक्षा चार-दोन वर्षांनी मोठ्या. किडकिडीत, उन्हानं रापलेल्या, नऊवारी नेसणाऱ्या आणि गरजेपुरतं बोलणाऱ्या. धुणं घेऊन त्या खाली काठावर जायच्या, धुणं झालं की काष्टा आवळून सरळ पाण्यात शिरायच्या आणि टेकाडापर्यंत पोहत जाऊन यायच्या. लीलाबाई चढावरच्या एका दगडावर बसायच्या, पाण्याकडं पाठ करून, डोंगराकडं तोंड करून. बनाबाईंनी हे दोन-तीन दिवस बघितलं. मग ओल्या लुगड्यानिशी येऊन त्या शेजारी बसल्या आणि हे पुरामुळं झालं का काय, एवढंच विचारलं. लीलाबाईंनी मान हलवली.

बनाबाईंनी हात करून पाण्यातली एक जागा दाखवली. "त्या पळसाच्या रेषंत, जरा अलीकडं, माज्या बापाचं खळं हाय. पाण्याखाली. आमचं समदं गाव हाय तितं."

लीलाबाईंनी पहिल्यांदा मान वळवून पाण्याकडं बघितलं. धरण झालं तेव्हा बनाबाई परकऱ्या पोरीच्या जरा पुढच्या वयाच्या होत्या. आईबाप उठून दुसरीकडं गेले आणि परत कधी या बाजूला आले नाहीत; आईला तर हे पाणी बघवायचं नाही. बनाबाईंना मात्र लग्नानं याच काठाला यावं लागलं. आता रोज दिसतंच आहे, तर रुसून किती दिवस राहायचं, असं त्यांना वाटलं.

"म्हून रोज त्येच्यावरनं पवत जाती मी," त्या म्हणाल्या. "आपलंच खळं हाय. जायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी लीलाबाई दगडावर पाण्याकडं तोंड करून बसल्या.

इकडं सुभेदारांचं काम जोरात चाललं होतं. पहाटे उठून ते खडकावर जायचे, चमचा लांब फेकायचे, रीळ फिरवत ओढायचे, पुन्हा फेकायचे. बोटभर लांबीचे मळे मासे मिळायचे, कधी चिलापी मिळायची. खडस मात्र दुरून पाण्यावर पाठ दाखवून जायचा. एकदा काठी हातातून सुटून पाण्यात बुडाली आणि जयराजनी गळ्याएवढ्या पाण्यात पायानं चाचपून ती काढली. तेव्हा बनाबाईंनी घरातून एक छोटा वाळका भोपळा आणला आणि दोरीनं काठीच्या बुडाला बांधून दिला, म्हणजे पडली तरी तरंगेल. कर्नलसाहेबांच्या काठीला भोपळा बांधलेला बघून सुभेदार खट्टू झाले. पण त्यांनी तो काढला नाही.

दुपारी काम नसायचं. मग दोघं नवरा-बायको वरच्या रानात हिंडायची. करवंदाच्या जाळ्या काळ्याभोर झाल्या होत्या. लग्नानंतर इतकी वर्षं झाली, पण दोघांनी मिळून कधी करवंदं तोडली नव्हती, हे लीलाबाईंच्या लक्षात आलं. सुभेदार रजेवर यायचे तेव्हा घर बांधायचं असायचं, नाहीतर कुणाचं लग्न. एकदा त्यांनी समोरच्या डोंगरावरचा गड चढायचं ठरवलं. अर्ध्या वाटेवर सुभेदारांचा गुडघा बोलायला लागला आणि लीलाबाईंना दम लागला. आपण थकलोय हे कबूल कोण करतो याची दोघंही वाट बघत राहिली. शेवटी लीलाबाईंनीच एका सपाट कातळावर शिदोरी सोडली आणि गड इथूनच चांगला दिसतो असं जाहीर केलं. त्या रात्रीपासून त्या तंबूत झोपायला आल्या. कनाती वर बांधल्या की वारा आरपार जायचा आणि सुभेदारांच्या घोरण्याचा त्रास निम्मा व्हायचा.

मे महिना लागल्यावर जयराजनी सगळ्यांना जीपमध्ये घातलं आणि खोऱ्यात अगदी वर, जिथं रस्ता संपतो तिथपर्यंत नेलं. झाडीतून चालत ते एका ओढ्याशी आले. गुळगुळीत दगडांमधून घोट्याएवढं पाणी वाहत होतं, इतकं स्वच्छ की तळातली वाळू हलताना दिसत होती. जयराज म्हणाले, ही कृष्णा.

लीलाबाईंना वाटलं ते थट्टा करताहेत. त्यांनी नवऱ्याकडं बघितलं, मग बनाबाईंकडं. "हीच?" त्यांनी विचारलं. "आपल्या गावाकडं येती, तीच ही?"

तीच, बनाबाई म्हणाल्या. लीलाबाईंनी चपला काढल्या, साडी जराशी उचलली आणि पाण्यात पाय ठेवला. पाणी गार होतं. त्या दगड धरत धरत दुसऱ्या काठाला गेल्या आणि परत आल्या. एवढीशी नदी त्या ओलांडू शकत होत्या. सुभेदारांना काहीतरी बोलायचं होतं, पण लीलाबाईंची अट आठवून ते गप्प बसले.

परत आल्यावर लीलाबाईंनी बनाबाईंना बाजूला घेऊन विचारलं, या वयात पोहायला येतं का. बनाबाईंनी आढ्याला टांगलेले तीन मोठे वाळके भोपळे काढले. या भोपळ्यांवर जयराज यांची मुलं पोहायला शिकली होती, पुतणे शिकले होते. मात्र लीलाबाईंची पुन्हा एक अट होती: ह्यांना कळता कामा नये.

सुभेदार ज्या खडकावर बसायचे त्याच्या उलट बाजूला, डोंगराच्या सोंडेआड एक आत वळलेली जागा होती. तिथं दोघी जायच्या. लीलाबाई सहावारी नेसायच्या. बनाबाईंनी त्यांना आपलं जुनं नऊवारी दिलं आणि काष्टा घट्ट मारून दिला. पाठीला तीन भोपळे बांधलेल्या अवस्थेत लीलाबाईंनी स्वतःची सावली बघितली आणि त्यांना इतकं हसू आलं की भीती निम्मी तिथंच गेली.

उरलेली निम्मी चिवट होती. पाणी छातीला लागलं की त्यांचा श्वास अडायचा आणि त्या बनाबाईंचं मनगट असं धरायच्या की तिथं वळ उठायचे. बनाबाई नुसत्या उभ्या राहायच्या. घाई करायच्या नाहीत, धीरसुद्धा द्यायच्या नाहीत. नाकातोंडात पाणी जायचं, पाय खाली ओढायचे, हात भलतीकडं जायचे. पण रोज जाणं झालं. एक दिवस बनाबाईंनी मनगट सोडवून घेतलं आणि लीलाबाई भोपळ्यांच्या आधारानं पाण्यावर पडून राहिल्या, आभाळाकडं बघत. कानात पाणी गेल्यामुळं जग अगदी शांत झालं होतं. त्यांना वाटलं, उठूच नये.

तीन भोपळ्यांचे दोन झाले, दोनाचा एक झाला, आणि काठाजवळ कधीमधी तोही सुटू लागला. केस रोज दुपारी ओले दिसायचे तेव्हा सुभेदारांनी एकदा विचारलं. उकाडा किती आहे, दोनदा आंघोळ करते, असं लीलाबाईंनी सांगितलं. सुभेदारांना ते पटलं. तेही दोनदा करायला लागले.

वीरधवलचा अधूनमधून फोन यायचा. सगळं ठीक आहे, सावकाश या, असं तो इतक्या वेळा सांगायचा की लीलाबाईंना हसू फुटायचं. सुभेदार उसाच्या पाण्याची चौकशी करायचे, पण पूर्वीसारखी उलटतपासणी नसायची. मासा दिसला का, असं नातवंडानं विचारावं तसं वीरधवल विचारायचा, आणि सुभेदार उद्या नक्की म्हणायचे.

तो उद्याचा दिवस एका सोमवारी आला. जयराज होडी घेऊन पलीकडच्या काठाला गेले होते. बनाबाई आणि लीलाबाई धुणं घेऊन नेहमीपेक्षा लवकर खाली आल्या होत्या, आणि सुभेदारांचा खडक तिथून हाकेच्या अंतरावर होता. एकाएकी रिळाचा खर्रर्र आवाज आला. दोघींनी वर बघितलं. काठी कमानीसारखी वाकली होती आणि सुभेदार स्वतःलाच हिंदीत हुकूम देत होते, आराम से, आराम से, ढील दो.

मासा मोठा होता. त्यानं एकदा पाण्यावर अंग टाकलं तेव्हा सोनेरी खवले उन्हात चमकले. सुभेदार दोन पावलं पुढं गेले, शेवाळावर पाय सरकला, डावा गुडघा मुडपला आणि ते खडकावर सपशेल बसले. काठी हातातून निसटली. मासा तिला घेऊन चालला आणि मागं तो छोटा भोपळा पाण्यावर हुंदडत निघाला, आतल्या खोल पाण्याकडं.

सुभेदार उठायला गेले, पण गुडघा उठू देईना. आपली काठी गेली, एवढंच त्यांच्या मनात होतं. आणि मग त्यांनी बघितलं की हातातलं धुणं टाकून आपली बायको पाण्यात शिरली आहे. गुडघ्याएवढ्या, कमरेएवढ्या, आणि मग ती दिसेनाशी झाली, नुसतं डोकं उरलं.

"लीला!" ते ओरडले. "माघारी फिर! काठी जाऊ दे!"

त्यांनी जन्मात एवढा आवाज काढला नव्हता. ते खडकावरून घसरत खाली आले, गुडघा ओढत पाण्यात गेले, आणि तिथंच थबकले. कारण ते डोकं बुडत नव्हतं. ते पुढं जात होतं. हात संथपणे बाहेर येत होते आणि आत जात होते. भोपळा एकदा उजवीकडं पळाला, एकदा डावीकडं, आणि लीलाबाई त्याच्या मागं वळत राहिल्या. शेवटी त्यांनी तो धरला. माशानं त्यांना थोडं पुढं ओढलं. त्यांनी भोपळा छातीखाली घेतला, पाठीला काही नसताना भोपळा छातीखाली घेऊन विसावायचं हे त्यांना तिथंच सुचलं, आणि मग पाय मारत त्या हळूहळू वळल्या. तोवर बनाबाई त्यांच्या बाजूला पोहोचल्या होत्या, पण त्यांनी हात लावला नाही. शेजारून पोहत आल्या.

काठाला लागल्यावर लीलाबाईंनी काठी नवऱ्यापुढं धरली. दोर अजून ताठ होता. मासा सुटला नव्हता. पण सुभेदारांनी काठी हातात घेतली नाही. त्यांनी खुणेनंच सांगितलं, तूच ओढ. लीलाबाईंनी रीळ फिरवलं. एवढे दिवस नवऱ्याचं बघून बघून त्यांना ते येत होतं. मासा आता थकला होता. तो उथळ पाण्यात आला, हातभर लांब, रुपयाएवढे खवले, कल्ले उघडझाप करत. तिघं त्याच्याकडं बघत राहिली. कुणीच पुढं झालं नाही. मग त्याच्या ओठातून चमचा आपोआप निसटून वाळूवर पडला. मासा क्षणभर तसाच राहिला, त्याला कळलंच नसावं. मग शेपटीचा एक फटकारा देऊन तो निघून गेला.

जयराजनी येऊन सगळं ऐकलं, सुभेदारांचा गुडघा हळद-तेल लावून बांधला आणि खडस गेल्याबद्दल हळहळ केली. सुभेदार मात्र दुपारभर जांभळीखाली खाटेवर पडून राहिले. लीलाबाई चहा घेऊन गेल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "कवापासनं शिकतीयास?"

"महिना झाला असंल."

"मला का सांगितलं न्हाईस?"

लीलाबाई खाटेच्या कडेला बसल्या. "आवं, तुमाला सांगितलं असतं तर तुमी शिट्टी घिऊन काठावर हुबा राह्यला असता."

सुभेदार रागावायला गेले आणि त्यांना जमलं नाही. मिशी हलायला लागली. मग ते हसले, आणि हसता हसता त्यांनी कप खाली ठेवला. ते म्हणाले, आज तू पाण्यात होतीस आणि मला उठता येत नव्हतं. पुरातसुद्धा तू अशीच पाण्यात एकटी असणार, आणि मी तेव्हा दुसरीकडंच होतो. तुला काय झालं, हे मी कधी विचारलंच नाही.

मग लीलाबाईंनी सांगितलं. पाणी जिन्याच्या एकेक पायरीनं वर येत होतं. गच्चीवर त्या होत्या, रंगुबाई होती, आणि वर नेता आलं ते एवढंसं एक वासरू होतं. म्हशी आधीच वरच्या रस्त्याला पाठवल्या होत्या. होडी आली तेव्हा होडीवाले म्हणाले, जनावर घेता यायचं नाही. लीलाबाईंनी वासराच्या गळ्यातलं दावं सोडलं. होडी निघाली तेव्हा वासरू पाण्यात उतरलं आणि मान वर काढून होडीच्या मागं यायला लागलं.

"त्येला पवायला येत हुतं," लीलाबाई म्हणाल्या. "एवढंसं वासरू. त्ये पवत हुतं आन् मी होडीत बसून थरथरत हुते. त्येचीच लाज वाटत राह्यली मला."

"मग? त्येचं काय झालं?"

"काय व्हायचंय? होडीच्या आधी रस्त्याला लागलं. आवं, आपली चांदी न्हवं का ती."

सुभेदार उठून बसले. चांदी म्हणजे गोठ्यातली गाय. रोज सकाळी ते तिची पाहणी करत होते, तिच्या दुधाचा हिशेब विचारत होते, आणि ती पुरातून पोहून आलेली आहे हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगायला लावली. लीलाबाईंनी सांगितली. दुसऱ्यांदा सांगताना ती थोडी हलकी झाली होती; रंगुबाईनं होडीत बसतानासुद्धा लोणच्याची बरणी सोडली नव्हती, हे त्यांना आत्ता आठवलं, आणि चहा निवेपर्यंत दोघं हसत होती.

त्या आठवड्याच्या शेवटी टेकाडावर जेवायला जायचं ठरलं. जयराजनी होडी काढली. गुडघा बांधलेला असल्यामुळं सुभेदारांना होडीत बसावं लागलं, मांडीवर भाकरीचं गाठोडं आणि पायाशी तळलेल्या मळ्यांचा डबा. बनाबाई आणि लीलाबाई बाजूनं पोहत निघाल्या. लीलाबाईंच्या पाठीला एक भोपळा होता, लांबचं अंतर म्हणून. निम्म्या वाटेवर बनाबाई थांबल्या, पाण्याखाली बोट करून काहीतरी म्हणाल्या, आणि दोघी तिथं थोडा वेळ तरंगत राहिल्या. खळं तिथंच असणार. जयराजनी वल्ही उचलून धरली आणि होडी थांबवली.

सुभेदारांना हात मारण्याबद्दल एकदोन गोष्टी सांगायच्या होत्या. त्यांनी तोंड उघडलं तसं जयराज हळूच म्हणाले, "गप बस रं गड्या. बगत ऱ्हा नुसतं." सुभेदार बघत राहिले.

पळसाच्या सावलीत चौघं जेवली. लसणाची चटणी झणझणीत होती आणि मळे कुरकुरीत. लीलाबाईंनी विचारलं की समोरच्या काठाला, त्या आंब्याच्या राईमागं कुठलं गाव आहे. बनाबाईंनी नाव सांगितलं, तिथं त्यांची मावसबहीण असते म्हणाल्या, आणि तिच्याकडची फणसाची भाजी लय चांगली. मग उद्या तिकडं जाऊ, असं लीलाबाई म्हणाल्या. सुभेदारांनी होडीत किती माणसं मावतील याचा विचार चालवला होता, पण त्यांना जेवणानंतर झापड आली आणि टोपी तोंडावर घेऊन ते तिथंच आडवे झाले. वारा सुटला होता, पाण्यावर बारीक लाटा उठत होत्या. बनाबाईंनी डबे धुवून होडीत ठेवले आणि दोघी पुन्हा पाण्यात उतरल्या.